इरल्यापासून पॉलिमरपर्यंत : व्याख्यानांनी वाढविलेल्या एका शास्त्राची हकीकत

राजगडाच्या पाली दरवाज्याचे नाव आपण ऐकले असेल. त्या दरवाज्याची वाट जेथून चढते, ते पाली आमचे गाव. भोर-वेल्ह्याच्या या मावळपट्टीत पाऊस काय असतो, हे येथे आवणी केलेल्या माणसासच विचारावे. आमच्या आजोबांच्या काळी आवणीला उतरताना बायामाणसांच्या पाठीवर इरले असे : बांबूच्या कामट्यांचा सांगाडा आणि त्यावर पानांची शाकारणी. गुराख्याच्या डोक्यावर घोंगडीची खोळ असे. आज इरले विणणारी माणसे राहिली नाहीत. सर्वांच्या पाठीवर प्लास्टिकचा कागद आहे.

काही वर्षांपूर्वी नववीच्या वर्गात मी इतिहासाच्या तासाला हाच बदल सांगत होतो. मागच्या बाकावरील एक मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, "सर, जुने इरले उकिरड्यात टाकले की वर्षात त्याची माती होते. मग कागदाची का होत नाही?" मी बी.ए., बी.एड. झालेला, मराठी व इतिहास शिकविणारा शिक्षक. मला उत्तर आले नाही. "विज्ञानाच्या सरांना विचार," असे म्हणून मी वेळ मारून नेली. पण तो प्रश्न माझ्या मनातून गेला नाही.

पुढे पुण्यात 'पॉलिमर आणि नवे पदार्थ' या विषयावर सर्वांसाठी खुले व्याख्यान असल्याचे कळले. चार मुले घेऊन मी एस.टी.ने गेलो. सभागृह उत्तम होते, वक्ते विद्वान होते. परंतु दीड तासाचे ते सारे भाषण इंग्रजीत झाले. शेवटी अध्यक्षांनी, "कोणास काही प्रश्न?" असे विचारले. आमच्या मुलाने माझ्याकडे पाहिले, हात अर्धा वर केला आणि खाली घेतला. ज्या प्रश्नासाठी आम्ही पन्नास-साठ किलोमीटर गेलो, तो तसाच परत घेऊन आलो. वक्त्यांचा यात दोष होता असे मी म्हणणार नाही. पण व्याख्यान कोणासाठी असते, हा विचार तेव्हापासून माझ्या डोक्यात घोळू लागला. त्या निमित्ताने जे वाचले, ते आपणांपुढे ठेवीत आहे.

एका बुकबाइंडरच्या उमेदवाराची गोष्ट

लोकांसाठी विज्ञानाची व्याख्याने द्यावीत, ही कल्पना लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनने रुजविली. 1812 साली तेथे हम्फ्री डेव्ही यांची व्याख्याने ऐकण्यास एक तरुण जाऊन बसे. तो पुस्तके बांधणाऱ्या दुकानात उमेदवारी करीत होता. त्याचे शिक्षण जेमतेम लिहिण्या-वाचण्यापुरते झाले होते. त्याने व्याख्यानांची टिपणे काढली, ती स्वतः सुबक बांधली आणि डेव्हींकडे पाठविली. 1813 साली त्याला तेथे मदतनिसाची नोकरी मिळाली. हाच मायकेल फॅरेडे. विजेवरील त्याच्या कामाने पुढे जग बदलले. 1825 साली त्याच संस्थेत मुलांसाठी नाताळची व्याख्याने सुरू झाली. फॅरेडेने ती पुढे अनेक वर्षे स्वतः दिली.

आमच्या विषयाशी त्याचा आणखी एक धागा जुळतो. 1826 साली याच फॅरेडेने रबराचे पृथक्करण करून त्यात कार्बनचे पाच अणू असतील तर हायड्रोजनचे आठ, हे प्रमाण ठरविले. रबर हे निसर्गातील एक पॉलिमर होय. म्हणजे व्याख्यानाने घडलेल्या माणसानेच पॉलिमरच्या घराचा उंबरठा प्रथम ओलांडला, असे म्हणावयास हरकत नाही.

शेवया आणि साखर

आता पॉलिमर म्हणजे काय? मराठीत त्यास 'बहुवारिक' असा शब्द आहे. घरातील उदाहरण घेऊ. साखरेचे दाणे सुटे असतात, हलविले की सरकतात. पाणी, मीठ यांचे कण असे लहान व सुटे. पॉलिमरचे रेणू मात्र ईदच्या शेवयांसारखे लांबच लांब असतात. एकच लहान कडी हजारो वेळा जोडली जाऊन एक रेणू होतो आणि असे असंख्य रेणू एकमेकांत गुंततात. ताटातील शेवयांचा गुंता एका टोकास ओढला तर सारा गोळा उचलला जातो. कापसाच्या धाग्याला व प्लास्टिकच्या कागदाला बळकटी येते ती अशा लांबच लांब रेणूंमुळे. शेवयांना जागोजागी गाठी मारल्या तर त्या ताणल्यावर पुन्हा पूर्वीच्या जागी येतील. 1839 साली चार्ल्स गुडइयर याने रबर गंधकाबरोबर तापविले, तेव्हा झाले ते हेच. फक्त गाठी गंधकाच्या होत्या.

आज हे सोपे वाटते, पण हे मान्य करून घेण्यास एका माणसाला आयुष्य घालवावे लागले. जर्मन शास्त्रज्ञ हेर्मान स्टाउडिंगर याने 1920 साली इतक्या लांब रेणूंची कल्पना मांडली. त्या वेळच्या थोर रसायनशास्त्रज्ञांना ती पटेना. एवढे मोठे रेणू असूच शकत नाहीत, हे लहान कणांचे नुसते पुंजके आहेत, असे ते म्हणत. 1925 साली झुरिक येथील रसायनशास्त्रज्ञांच्या सभेत त्याने आपले म्हणणे मांडले, तेव्हा मोठमोठ्या विद्वानांनी उठून त्यावर हल्ला चढविला. स्टाउडिंगर हटला नाही. पुरावे जमत गेले, विरोधक एकेक करून निरुत्तर झाले. 1953 साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले, तेव्हा त्याचे वय 72 वर्षांचे होते. वाचकहो, भर सभेत उभे राहून आपले म्हणणे मांडणे आणि भर सभेत ते तपासून घेणे, हाच या शास्त्राचा पाया आहे.

शास्त्रज्ञांचा वाद चालू असताना कारखाने थांबले नाहीत. 1907 साली बेकलंडने बेकेलाइट केले. 1933 साली इंग्लंडमध्ये फॉसेट व गिब्सन हे प्रचंड दाबाखाली एथिलीन वायूवर प्रयोग करीत असता भांड्याच्या कडेला मेणासारखा पांढरा पदार्थ जमला. तेच पॉलिथीन. आमच्या आवणीतील कागद त्याच घराण्यातला. 1935 साली अमेरिकेत कॅरोदर्सने नायलॉन केले. आपल्या देशात 1957 साली मुंबईत पॉलिस्टायरीनचे उत्पादन सुरू झाले आणि 1959 साली कलकत्त्याजवळ रिश्रा येथे पॉलिथीनचे.

पुण्याची परंपरा

व्याख्यान ऐकणे ही पुण्याची जुनी सवय आहे. न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने 1875 साली वसंत व्याख्यानमाला सुरू झाली. 1949 साली पुणे विद्यापीठ स्थापन झाले. पहिले कुलगुरू बॅ. मुकुंदराव जयकर. या विद्यापीठाने बहिःशाल शिक्षण मंडळ काढले. 'बहिःशाल' म्हणजे शाळेच्या भिंतीबाहेरचे. जयकरांच्या नावाची व्याख्यानमाला गावोगावी नेण्याचे काम हे मंडळ करीत आले आहे. ज्याला विद्यापीठात जाता येत नाही त्याच्याकडे विद्यापीठाने जावे, हा यामागील विचार मला फार मोलाचा वाटतो. 1966 साली मराठी विज्ञान परिषद निघाली. विज्ञान मराठीतून सांगावयाचे, हे तिचे व्रत.

विद्यापीठ निघाले त्याच सुमारास, 3 जानेवारी 1950 रोजी, पाषाण रस्त्यावर राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे उद्घाटन पंडित नेहरूंच्या हस्ते झाले. आरंभीचे दोन संचालक परदेशी होते. त्यांतील दुसरे जॉर्ज फिंच हे 1922 च्या एव्हरेस्ट मोहिमेत प्राणवायूची नळकांडी पाठीवर घेऊन चढलेले गिर्यारोहक. त्या थंडीसाठी त्यांनी फुग्याच्या कापडात पिसे भरून स्वतःचा कोट करवून घेतला होता. डोंगरातल्या माणसाला पांघरूण महत्त्वाचे, हे आम्हा राजगडाखालच्या लोकांस वेगळे सांगावयास नको! 1957 साली डॉ. के. वेंकटरामन हे पहिले भारतीय संचालक झाले. त्याआधी ते मुंबई विद्यापीठाच्या 1933 साली निघालेल्या रासायनिक तंत्रशास्त्र विभागाचे प्रमुख होते.

त्याच मुंबईच्या विभागातून शिकून डॉ. रघुनाथ माशेलकर 1976 साली या प्रयोगशाळेत आले आणि पॉलिमरच्या अभ्यासाला येथे जोर चढला. माशेलकरांचे बालपण आपल्या मुलांना मुद्दाम सांगण्यासारखे आहे. गोव्यातील माशेलचे हे घराणे. सहाव्या वर्षी वडील वारले. मुंबईत आईने मोलमजुरी करून वाढविले. वयाच्या बाराव्या वर्षापर्यंत पायांत वहाण नव्हती, अभ्यास रस्त्यावरच्या दिव्याखाली. युनियन हायस्कूलमध्ये भावे सरांनी एकदा मुलांना उन्हात नेले, भिंगाने किरण एका बिंदूवर आणून कागद पेटवून दाखविला आणि शक्ती अशी एकवटावी हे समजावले. माशेलकर ती आठवण आयुष्यभर सांगत आले आहेत. 1989 ते 1995 ते या प्रयोगशाळेचे संचालक होते. 1998 साली लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना सदस्यत्व दिले.

या प्रयोगशाळेत 1980 नंतरच्या दशकात 'जलशक्ती' नावाचे बहुवारिक तयार झाले. त्याचे रेणू पाण्याचे लोभी असतात आणि एकमेकांस गाठींनी बांधलेले असतात. त्यामुळे ते आपल्या वजनाच्या कित्येक पट पाणी पिऊन फुगते, पण विरघळून जात नाही. मुळांशी मिसळल्यास ओल धरून ठेवते. पुढे डॉ. शिवराम, डॉ. आशीष लेले अशा पॉलिमरच्या अभ्यासकांनीच या संस्थेचे संचालकपद भूषविले.

जानेवारी 2000 मध्ये भारतीय विज्ञान काँग्रेसचे अधिवेशन पुणे विद्यापीठात भरले आणि अध्यक्षपदी होते माशेलकर. आपल्या भाषणात त्यांनी नवे पंचशील सांगितले. त्यांतील पहिले तत्त्व होते, बालककेंद्री शिक्षण. पॉलिमरचा शास्त्रज्ञ देशातील सर्वांत मोठ्या विज्ञानसभेत उभा राहतो आणि प्रथम मुलांच्या शाळेची गोष्ट करतो, यातले मर्म आपण शिक्षकांनी ओळखले पाहिजे.

तीन किलोंची तीनशे ग्रॅम

नव्या पदार्थांची गोष्ट डॉ. ए.पी.जे. अब्दुल कलाम यांच्यावाचून पुरी होणार नाही. रामेश्वरमच्या नावाड्याचा हा मुलगा. 22 मे 1989 रोजी 'अग्नी' क्षेपणास्त्र उडाले. वातावरणात परत शिरताना त्याच्या टोकाचे तापमान दोन हजार अंशांच्याही वर जाते. ती धग सोसण्यासाठी कार्बनच्या धाग्यांचे कवच केले होते. पुढे हैदराबादच्या इस्पितळातील एका अस्थितज्ज्ञाने असल्या हलक्या पदार्थांची माहिती घेतली आणि कलामांना आपल्या वॉर्डात नेले. तेथे पोलिओने अधू झालेली मुले तीन तीन किलोंच्या लोखंडी पट्ट्या पायांना बांधून ओढत चालत होती. कलामांच्या सहकाऱ्यांनी त्याच धाग्यांच्या व प्लास्टिकच्या मिश्रणातून सुमारे तीनशे ग्रॅमचा आधार करून दिला. मुले धावू लागली, आईबापांचे डोळे भरून आले. आपल्या आयुष्यातील हा मोठ्या आनंदाचा प्रसंग, असे कलाम सांगत. राष्ट्रपतिपदावरून उतरल्यावरही ते गावोगावच्या मुलांपुढे बोलत राहिले आणि 27 जुलै 2015 रोजी शिलाँग येथे व्याख्यान देत असतानाच त्यांना मृत्यू आला.

त्या मुलाचे उत्तर

आता मागच्या बाकावरील प्रश्नाकडे येऊ. इरल्याचा बांबू व पाने सेल्युलोजची, घोंगडीची लोकर प्रथिनांची. ही दोन्ही बहुवारिकेच आहेत! पण त्यांच्या कड्या तोडण्याची कला मातीतील बुरशी आणि जिवाणू कोट्यवधी वर्षांपासून जाणतात. पॉलिथीनची साखळी नुसत्या कार्बनची, पाण्याला न शिवणारी आणि तिचे वय अजून शंभर वर्षांचेही नाही. ती तोडणारे हत्यार मातीतल्या जिवांपाशी जवळजवळ नाही. ज्या गुणामुळे कागद पावसात टिकतो, त्याच गुणामुळे तो शेतात आणि गडावर साचतो. 2018 साली महाराष्ट्र शासनाने प्लास्टिकच्या पिशव्या व एकदा वापरून फेकावयाच्या वस्तूंवर बंदी घातली, ती याच कारणास्तव.

हे मी मुलांना नुसते सांगितले नाही. जूनमध्ये आम्ही शाळेच्या आवारात तीन खड्डे खणले. एकात पाने, दुसऱ्यात सुती चिंधी, तिसऱ्यात कागदाचा तुकडा पुरला. दिवाळीच्या सुट्टीनंतर उकरले. पानांची माती झाली होती, चिंधीची जाळी उरली होती, कागद धुऊन पुन्हा वापरता आला असता. मग ज्याने प्रश्न विचारला होता त्यालाच फळ्याजवळ उभे केले. तो पंधरा मिनिटे बोलला, मराठीत. सातवीची मुले खिडकीतून ऐकत होती. त्या दिवशी आमच्या शाळेत पॉलिमर विज्ञानाचे पहिले जाहीर व्याख्यान झाले, असे मी समजतो.

वाचकहो, आपली संस्था शिक्षणासाठी उभी आहे. इमारती हव्यात, बाके हवीत, शिष्यवृत्त्या हव्यात. त्याबरोबरच माझी एक नम्र सूचना आहे. वर्षातून निदान दोन वेळा एखाद्या शास्त्रज्ञास आपल्या खेड्यातील शाळेत आणावे. भाषा मराठी किंवा उर्दू असावी, म्हणजे जी मुलांच्या घरात बोलतात ती. आणि सभेचा एक नियम असावा : पहिला प्रश्न पाहुण्यांचा किंवा पदाधिकाऱ्यांचा नसावा, मागच्या बाकावरील मुलाचा असावा. खर्च म्हणाल तर पाहुण्यांचे येण्याजाण्याचे भाडे आणि एका जेवणाचा.

बुकबाइंडरच्या उमेदवाराला त्या सभागृहात बसण्यास जागा मिळाली, म्हणून जगाला फॅरेडे मिळाला. आपल्या मुलांचा अर्धा वर गेलेला हात पुरा वर जावा, एवढी सोय आपण करू शकलो तरी पुष्कळ झाले.