जड टेलिफोटो लेन्ससाठी ट्रायपॉड हेड कोणतं घ्यावं? बॉल हेड, गिंबल आणि क्विक रिलीज प्लेटची सविस्तर माहिती

मोबाईलवर फोटो काढता काढता पक्ष्यांचा नाद लागतो, मग कोणाचा तरी कॅमेरा आणि १५०–६०० मिमीची लेन्स उसनी किंवा भाड्याने आणली जाते. ट्रायपॉड मात्र घरात पडलेला, तोच जुना. माझंही असंच झालं.

गुहागर तालुक्यातल्या अंजनवेलला, टाळकेश्वराच्या देवळाजवळ दीपगृहाच्या सड्यावर मी उभा होतो. खाली समुद्र, उजव्या हाताला वाशिष्ठीच्या खाडीचं मुख, पलीकडे दाभोळ. समुद्री गरुड वाऱ्यावर तरंगत होता. मावसभावाची लेन्स माझ्या साध्या बॉल हेडवर लावली होती. नॉब घट्ट केला, खिशातून फोन काढायला हात सोडला आणि लेन्सने नाक खाली टाकलं. तिच्या ओढीने अख्खा ट्रायपॉड कलंडला. हूड जांभ्यावर आपटून तडकला. लेन्स वाचली, पण कडा तिथून चार पावलांवर होता.

घरी येऊन हिशेब केला तेव्हा कळलं, चूक नॉबची नव्हती, निवडीची होती. जड लेन्स आवळून धरायची नसते, तोलून ठेवायची असते. हे एकदा लक्षात आलं की हेड आणि प्लेट निवडणं सोपं होतं.

आधी वजन समजून घ्या

लोकप्रिय लांब लेन्सची साधारण वजनं अशी आहेत:

- सिग्मा १५०–६०० मिमी कंटेम्पररी: सुमारे १.९ किलो
- टॅमरॉन १५०–६०० मिमी जी२: सुमारे २ किलो
- सोनी २००–६०० मिमी: सुमारे २.१ किलो (कॉलर सोडून)
- निकॉन २००–५०० मिमी एफ/५.६: २.३ किलो (कॉलरसकट)
- कॅनन ईएफ ६०० मिमी एफ/४, तिसरी आवृत्ती: सुमारे ३ किलो

यात कॅमेऱ्याचे साधारण ६०० ग्रॅम ते १ किलो धरा. म्हणजे ट्रायपॉडवर तीन-चार किलोचा ऐवज बसतो.

दुसरी गोष्ट म्हणजे कंप. फुल फ्रेम कॅमेऱ्यावर ६०० मिमीला आडवं दृश्य जेमतेम साडेतीन अंशाचं असतं. २४ मेगापिक्सेलच्या सेन्सरवर लेन्स एका अंशाच्या हजाराव्या भागाइतकी फिरली, तरी चित्र जवळजवळ पावणेदोन पिक्सेल सरकतं. मोबाईलच्या नेहमीच्या कॅमेऱ्यात जे हलणं दिसतही नाही, ते इथे गरुडाचा डोळा धूसर करायला पुरेसं असतं.

बॉल हेड का घसरतं?

बॉल हेडमध्ये एक गोळा असतो आणि तो घर्षणाने जागच्या जागी धरला जातो. कॅमेरा आणि लेन्सचा गुरुत्वमध्य कायम या गोळ्याच्या वर असतो. तळहातावर झाडू उभा धरून बघा. सरळ आहे तोवर ठीक, जरा कलला की जोरात पडतो. बॉल हेडवरची लांब लेन्स म्हणजे असा उभा झाडू.

आता आकडे बघू. एकूण वजन ३ किलो, गुरुत्वमध्य गोळ्याच्या मध्यापासून १२ सेंमी वर, लेन्स ३० अंश कललेली. म्हणजे वजन मध्यापासून ६ सेंमी बाहेर गेलं. गोळ्याचा व्यास ४० मिमी असेल तर त्रिज्या २ सेंमी. म्हणजे गोळ्याच्या पृष्ठभागावर घर्षणाला ३ किलोच्या तिप्पट, सुमारे ९ किलोचा ओढा थोपवावा लागतो. नॉब अर्धवट आवळलेला असेल किंवा गोळ्यावर तेल-धूळ असेल, तर निकाल माझ्यासारखा लागतो.

बॉल हेड वाईट नाही. मोबाईल, साधा कॅमेरा, ७०–३०० मिमीची हलकी लेन्स, लँडस्केप यांसाठी ते उत्तम आहे. जड लेन्ससाठी तेच वापरायची वेळ आली, तर मोठ्या गोळ्याचं आणि घर्षण कमी-जास्त करायला वेगळा नॉब असलेलं घ्या. आणि हात सोडण्याआधी दोनदा विचार करा.

गिंबल हेड: झोपाळ्याचं तत्त्व

आधी एक गोंधळ मिटवू. मोबाईलच्या व्हिडिओसाठी मिळतो तो मोटर आणि बॅटरीवाला गिंबल वेगळा. लेन्सच्या गिंबल हेडला मोटर नसते, बॅटरी नसते. ऑनलाइन शोधताना 'गिंबल हेड' असंच शोधा, नाहीतर भलतंच घरी येईल.

गिंबल हेडचा हात इंग्रजी 'एल' किंवा 'यू' अक्षरासारखा असतो. आपल्याकडच्या झोपाळ्यासारखी लेन्स त्यात मधोमध टांगली जाते. लेन्स वर-खाली ज्या आसाभोवती फिरते, त्याच आसावर गुरुत्वमध्य आणता येतो. तो तिथे आला की वजनाचा ओढा उरतच नाही. तीन किलोची लेन्स एका बोटाने फिरते आणि सोडाल तिथे थांबते. उडणाऱ्या पक्ष्यामागे लेन्स फिरवायची तर याला तोड नाही. अमेरिकेतल्या विम्बर्लीचं हेड या प्रकारात प्रसिद्ध आहे, आता अनेक कंपन्यांची स्वस्त हेडही मिळतात.

तोटेही आहेत. गिंबल बोजड असतं, बॅगेत जागा खातं, आणि लहान लेन्सवर त्याचा फारसा उपयोग नाही.

गिंबलवर लेन्स तोलायची कशी?

1. ट्रायपॉडचे पाय लावून वरचा भाग समतल करा. तो तिरका असेल तर लेन्स डावीकडून उजवीकडे नेताना क्षितिज कलतं. हेडवर बुडबुडा नसेल तर फोनमधलं लेव्हल ॲप चालतं.
2. लेन्स लावा, क्लॅम्प घट्ट करा. डावा हात लेन्सवरच ठेवा.
3. वर-खाली फिरवायचा नॉब सैल करा. लेन्सचं नाक खाली जात असेल तर प्लेट मागे सरकवा, कॅमेऱ्याची बाजू खाली जात असेल तर पुढे. आडवी स्थिर राहिली की क्लॅम्प पुन्हा घट्ट.
4. आता लेन्स ४५ अंश खाली झुकवून हलकेच सोडा. आणखी खाली पडली तर गुरुत्वमध्य आसाच्या वर आहे, प्लॅटफॉर्म खाली घ्या. परत आडवी झाली तर तो आसाच्या खाली आहे, प्लॅटफॉर्म वर घ्या.

एक बारकावा: सोनी २००–६०० सारख्या लेन्सची लांबी झूम करताना बदलत नाही, त्यामुळे एकदा साधलेला तोल जवळजवळ तसाच राहतो. सिग्मा-टॅमरॉनच्या १५०–६०० मिमी लेन्स झूम केल्यावर लांब होतात आणि वजन पुढे सरकतं. त्या जास्त वापराल त्या झूमवर तोला. पक्ष्यांसाठी बहुतेक वेळा तो ६०० मिमीच असतो.

फ्लुइड हेड कोणासाठी?

व्हिडिओ करणाऱ्यांसाठी आणि स्पॉटिंग स्कोपला मोबाईल लावून फोटो काढणाऱ्यांसाठी. यात दाट द्रवाच्या साहाय्याने हालचाल संथ आणि एकसारखी होते, आणि दांड्याने लेन्स फिरवता येते. बऱ्याच हेडमध्ये वजन सावरायला स्प्रिंग असते. ती ठरावीक वजनासाठी आणि ठरावीक उंचीवरच्या गुरुत्वमध्यासाठी बनवलेली असते. म्हणून खरेदी करताना 'किती किलो' एवढंच न बघता 'किती उंचीवर' हेही बघा. खाडीच्या मुखाशी डॉल्फिन दिसले आणि त्यांचा व्हिडिओ हवा असेल, तर गिंबलपेक्षा हे सोयीचं.

खरा कच्चा दुवा: क्विक रिलीज प्लेट

हेड भारी आणि प्लेट भलतीच, हे फार दिसतं. खरं तर अख्खी लेन्स त्या बोटभर पट्टीवर उभी असते.

आर्का-स्विस पद्धत: साधारण ३८ मिमी रुंदीची, खाली रुंद आणि वर निमुळत्या कडांची प्लेट, आणि तिला दोन्ही बाजूंनी पकडणारा क्लॅम्प. जड लेन्ससाठी हीच निवडा, कारण लांब प्लेट पुढे-मागे सरकवून तोल साधता येतो. पण याचं कोणतंही अधिकृत मानक नाही. वेगवेगळ्या कंपन्यांच्या प्लेटच्या मापात थोडा फरक असतो. म्हणून:

- नॉबवाला क्लॅम्प कोणत्याही मापाला जुळवून घेतो. वेगवेगळ्या कंपन्यांच्या प्लेट वापरणार असाल तर हाच घ्या.
- लिव्हरवाला क्लॅम्प झटपट उघडतो, पण प्लेट किंचित अरुंद असेल तर लिव्हर बंद होऊनही पकड ढिली राहू शकते.

मॅनफ्रोटोची चौकोनी आरसी२ प्लेट कॅमेऱ्यासाठी छान आहे, पण ती ठरलेल्या जागीच बसते, सरकवता येत नाही. जड लेन्सचा तोल साधायला ती कामाची नाही.

प्लेट घेताना हे तपासा:

- लांबी: १०० ते १५० मिमी. एवढी असली की तोल साधायला वाव मिळतो.
- दोन स्क्रू: एकाच स्क्रूवर लेन्स प्लेटभोवती फिरू शकते. लेन्सच्या पायाला दोन भोकं असतील तर दोन्ही वापरा. एकच असेल तर फिरणं रोखणारी कड किंवा पिन असलेली प्लेट घ्या.
- आटे: स्क्रू पाव इंची (इंचाला २० आटे) किंवा तीन अष्टमांश इंची (इंचाला १६ आटे) असतात. तुमच्या लेन्सच्या पायाला कोणता लागतो ते आधी बघा.
- अटकाव स्क्रू: प्लेटच्या दोन्ही टोकांना खाली छोटे स्क्रू असतात. क्लॅम्प सैल झाला तरी लेन्स सरकून बाहेर पडत नाही ती यांच्यामुळे. काही जण ते अडतात म्हणून काढून टाकतात. काढू नका.
- रबर: जाड मऊ रबराच्या थरावर लेन्स डुगडुगते. धातूवर धातू नीट टेकलेला बरा.

टॅमरॉन जी२ सारख्या काही लेन्सच्या पायालाच आर्का खाच असते, तिथे वेगळी प्लेट लागत नाही. आणि लेन्सला कॉलर असेल तर ट्रायपॉडला लेन्सच लावायची, कॅमेरा नाही. नाहीतर सगळं वजन कॅमेऱ्याच्या माउंटवर येतं.

स्क्रू सारखा सैल होत असेल तर ॲलन कीने आवळा आणि ती की बॅगेतच ठेवा. इन्स्टंट ग्लू लावायचा मोह टाळा, नंतर प्लेट निघणार नाही.

दुकानात करायच्या तीन चाचण्या

खोक्यावर लिहिलेल्या 'लोड १५ किलो' वर विसंबू नका. हा आकडा मोजायची सगळ्या कंपन्यांची एकच अशी पद्धत नाही. तुमच्या एकूण वजनाच्या निदान दुप्पट-तिप्पट आकडा असावा, आणि तरीही:

1. उतरण्याची चाचणी: लेन्स लावून एका बिंदूवर रोखा, लॉक करा, एक मिनिट थांबा. बिंदू फ्रेममध्ये सरकला तर हेड वजन पेलत नाही.
2. टिचकीची चाचणी: लाइव्ह व्ह्यूमध्ये चित्र दहापट मोठं करा आणि लेन्सला टिचकी मारा. थरथर किती वेळात थांबते ते मोजा. दोन ट्रायपॉडची तुलना करायला यापेक्षा सोपा उपाय नाही.
3. ओढून बघणं: क्लॅम्प लावल्यावर लेन्स वर आणि बाजूला हलकी ओढा. ही सवय दुकानात लावा आणि जन्मभर ठेवा.

कोकणच्या किनाऱ्यावर वापरताना

- ट्रायपॉडचा एक पाय लेन्सच्या दिशेने ठेवा. पुढे झुकली तरी त्या पायाचा आधार मिळतो. माझा ट्रायपॉड दोन पायांच्या मधल्या रिकाम्या बाजूला पडला होता.
- मधला दांडा वर काढू नका. सड्यावर वारा असतो. पाय कमी उघडा, बॅग खाली अडकवा, पण ती झोके घेता कामा नये. कॅमेऱ्याचा पट्टा फडफडत असेल तर काढून ठेवा.
- कड्याजवळ लेन्स लावायची किंवा काढायची नाही. मागे या, लावा, मग पुढे जा.
- धोपावे–दाभोळ फेरीबोटीतून फोटो काढताना ट्रायपॉड नको. इंजिनाची थरथर पायांतून थेट लेन्सपर्यंत जाते. तिथे हातात धरा किंवा मोनोपॉड वापरा, आणि शटर स्पीड वाढवा.
- खारा वारा आणि वाळू स्क्रूंची वाट लावतात. परतल्यावर गोड्या पाण्यात भिजवून पिळलेल्या कापडाने प्लेट, क्लॅम्प आणि पाय पुसा, सुकवा. बॉल हेडच्या गोळ्याला तेल लावू नका, त्याचं कामच घर्षणावर चालतं.
- अंजनवेलला वीज आणि एलएनजी प्रकल्प आहेत. लांब लेन्स तिकडे रोखू नका. गरुडाचं घरटं दिसलं तर जवळ जाऊ नका. लांबून फोटो मिळावा म्हणूनच तर ६०० मिमी आणली आहे.

थोडक्यात: कोणी काय घ्यावं?

- मोबाईल किंवा हलकी लेन्स: चांगलं बॉल हेड पुरे.
- १५०–६०० मिमी, उडते पक्षी: गिंबल हेड, नॉबवाला आर्का क्लॅम्प, लांब प्लेट.
- व्हिडिओ किंवा स्पॉटिंग स्कोप: फ्लुइड हेड.
- खूप चालायचं किंवा बोटीत जायचं: मोनोपॉड.

बजेट कमी असेल तर हेड साधं घ्या, पण प्लेट आणि क्लॅम्प चांगले घ्या. उसनी लेन्स असेल तर हे आणखी महत्त्वाचं. हूड मी भरून दिला, पण 'लेन्स पडली' हे सांगायला फोन लावताना जे वाटलं ते अजून आठवतं. पुढच्या वेळी मावसभावाने लेन्स दिली ती गिंबल हेडसकट.