तिघांचा आवाज, हजारांचा कोरस

एखादं गाणं लोकांचं कधी होतं? खूप खपलं की होतं, की आणखी काही घडावं लागतं? आज आपण हा प्रश्न एका रेकॉर्डला विचारणार आहोत. 'क्वीन' या ब्रिटिश रॉक बँडचा 'अ नाइट ॲट दि ऑपेरा' हा अल्बम नोव्हेंबर १९७५ मध्ये निघाला. त्यातलं 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी ऐकलं असेल.

आधी त्या वेळची परिस्थिती बघू. फ्रेडी मर्क्युरी, ब्रायन मे, रॉजर टेलर आणि जॉन डीकन या चौघांचे तीन अल्बम येऊन गेले होते, 'किलर क्वीन' गाजलंही होतं. पण हातात पैसा नव्हता, उलट कर्ज होतं. जुन्या व्यवस्थापनाशी भांडून ते नुकतेच बाहेर पडले होते. अल्बमचं पहिलंच गाणं त्या रागातून आलंय. म्हणजे ही रेकॉर्ड पडली असती, तर बँड टिकणं अवघड होतं.

अशा वेळी माणूस जपून पाऊल टाकतो. यांनी उलटंच केलं. 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' ५ मिनिटं ५५ सेकंदांचं. त्यात संथ गाणं आहे, ऑपेरा आहे, दणदणीत रॉक आहे आणि सगळ्या गाण्यात पुन्हा येणारं धृपद मात्र नाही. ऑपेराच्या भागात आपल्याला मोठा वृंद गातोय असं वाटतं. प्रत्यक्षात गाणारे तिघंच: मर्क्युरी, मे आणि टेलर. निर्माता रॉय थॉमस बेकर यांच्यासोबत त्यांनी आवाजावर आवाज चढवत नेले. चोवीस ट्रॅकची टेप पुरेना, तेव्हा भरलेले ट्रॅक एकत्र करून जागा करायची आणि पुन्हा गायचं. टेप इतकी झिजली की तिच्यातून आरपार दिसायला लागलं, असं बँडच सांगत असे.

हे गाणं रेडिओवर चालणार नाही, असं कंपनीचं मत होतं. लंडनच्या कॅपिटल रेडिओवर केनी एव्हरेट यांनी ते शनिवार-रविवारात पुन्हा पुन्हा वाजवलं, आणि लोक दुकानात विचारायला लागले. टीव्हीवर ते उभं राहून म्हणणं शक्य नव्हतं, म्हणून काही तासांत एक फिल्म काढली. गाण्यासोबत व्हिडिओ हवाच, ही चाल रुळायला तिचा मोठा हातभार लागला. ब्रिटनमध्ये गाणं ९ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं.

आता गंमत बघा. हे गाणं बँडला स्वतःला रंगमंचावर पूर्ण गाता येत नव्हतं! ऑपेराचा भाग आला की चौघे आत जायचे आणि टेप लागायची. १९८५ च्या 'लाइव्ह एड'मध्ये त्यांनी सुरुवात याच गाण्याने केली, पण ऑपेरापर्यंत नेलं नाही.

मग तो भाग गायला कुणी? लोकांनी. १९९२ च्या 'वेन्स वर्ल्ड' चित्रपटात गाडीत बसलेली मित्रांची टोळी माना हलवत हेच गाणं म्हणते. त्यानंतर अमेरिकेत ते दुसऱ्या क्रमांकापर्यंत चढलं. १९७६ मध्ये नवव्यापर्यंतच गेलं होतं. २०१७ मध्ये लंडनच्या हाइड पार्कमध्ये 'ग्रीन डे' या दुसऱ्याच बँडचा कार्यक्रम होता. बँड यायच्या आधी लाउडस्पीकरवर हे गाणं लागलं, आणि हजारो लोकांनी ते ऑपेरासकट म्हटलं. मंचावर गायक एकही नव्हता.

मर्क्युरी २४ नोव्हेंबर १९९१ ला एड्सने गेला. गाणं पुन्हा निघालं, पुन्हा पहिलं आलं, आणि मिळालेले पैसे एड्सग्रस्तांसाठी काम करणाऱ्या संस्थेला गेले. त्या काळी हा आजार झालेल्या माणसाजवळ बसायलाही लोक कचरत. त्याचं गाणं मात्र घराघरांत वाजत होतं.

शेवटी आपल्या मनातला प्रश्न. जन्म झांझिबारचा, घराणं पारशी, आणि शाळा पाचगणीची, जिथे या फारोख बलसाराने मुलांचा 'हेक्टिक्स' बँड केला. मग तो 'आपला' म्हणायचा का? जरूर म्हणू. पण नुसत्या पाचगणीच्या दाखल्यावर हक्क सांगणं आम्हाला तोकडं वाटतं. ज्यांनी तो भाग तोंडपाठ केला, त्या सगळ्यांचाच तो आहे. त्यात आपणही आलो.