कॅमेरॉनबाईंच्या व्यक्तिचित्रांतील धूसरता

ज्यूलिया मार्गारेट कॅमेरॉन (१८१५–१८७९) यांच्या छायाचित्रांवर त्यांच्या हयातीत जो आक्षेप वारंवार घेतला गेला, तो धूसरतेचा होय. १८६५ साली लंडनच्या 'फोटोग्राफिक जर्नल'ने ती चित्रे फोकस चुकलेली म्हणून हिणविली. विसाव्या शतकात त्याच धूसरतेला प्रतिभेचे लक्षण मानण्यात आले. दोन्ही मतांत उणीव आहे ती अशी की, ही धूसरता एकाच प्रकारची असल्याचे त्यांत गृहीत धरले आहे.

कॅमेरॉनबाईंचा जन्म कलकत्त्याचा. १८६३ च्या अखेरीस, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, कन्या व जामात यांनी भेट दिलेला कॅमेरा घेऊन त्यांनी आइल ऑफ वाइटवरील फ्रेशवॉटर येथे काम आरंभिले. कोंबड्यांचे खुराडे हे चित्रगृह झाले, कोळशाची कोठी ही अंधारखोली. पद्धती ओल्या कलोडियनची. काच सिल्व्हर नायट्रेटमध्ये बुडवून ती ओली असतानाच चित्र घ्यावे व धुवावे लागे. तत्कालीन धंदेवाईक छायाचित्रकार भरपूर उजेडात, मस्तक मागून लोखंडी आधाराने स्थिर करून, लहान आकाराच्या रेखीव पूर्णाकृती काढीत. कॅमेरॉनबाईंनी मोठी काच (प्रथम सुमारे ११ × ९ इंच, पुढे १५ × १२ इंच), अगदी जवळून घेतलेला चेहरा आणि एका बाजूने येणारा मंद प्रकाश यांचा अवलंब केला. अशा मांडणीत फोकसची खोली फारच थोडी राहते. डोळे रेखीव धरले तर कान व केस विरघळतात. येथवर हा भिंगाचा धर्म झाला. परंतु भिंग कोठे थांबवावे हा निर्णय छायाचित्रकाराचा असतो. १८७४ च्या आपल्या अपुऱ्या आत्मवृत्तात बाई आरंभीच्या यशाला योगायोग म्हणतात; तथापि डोळ्यांना जेथे सुंदर दिसले तेथेच आपण थांबत असू, असेही त्या सांगतात. ही पहिली धूसरता निवडलेली आहे.

दुसरी हालचालीची. मंद प्रकाशामुळे बसणाऱ्यास कित्येक मिनिटे निश्चल राहावे लागे. १८६७ मधील कार्लाइल यांच्या समोरून घेतलेल्या चित्रात मुद्रा हललेली स्पष्ट दिसते; ती काच बाईंनी टाकून दिली नाही, एवढेच त्यांचे कर्तृत्व. तिसऱ्या प्रकारात डाग, ओरखडे व भेगा येतात. यांनाही हेतुपुरस्सर शैली म्हणणाऱ्या आधुनिक अभ्यासकांनी ध्यानात घ्यावे की, १८६९ साली अनेक मोलाच्या काचांवर जाळीदार भेगा पडल्या तेव्हा बाईंनी त्याची तक्रार फोटोग्राफिक सोसायटीकडे नेली होती.

पहिल्या प्रकाराचे सर्वोत्तम उदाहरण म्हणजे एप्रिल १८६७ मध्ये केंटमधील कॉलिंगवुड येथे घेतलेले सर जॉन हर्शेल यांचे चित्र. हायपोचा गुण शोधून छायाचित्र टिकाऊ करण्याचा मार्ग ज्यांनी दाखविला, ते हे पंचाहत्तर वर्षांचे ज्योतिर्विद. काळोखात वस्त्र लोपले आहे, पांढरे केस विस्कटून प्रकाशात विरले आहेत (ते मुद्दाम धुवावयास लावले होते अशी आख्यायिका आहे), आणि डोळ्यांभोवतीची प्रत्येक सुरकुती मात्र मोजून घ्यावी इतकी स्पष्ट आहे.