लहान नौका आणि मोठा समुद्र

यवतमाळ जिल्ह्यांतील गृहस्थास सागवान परिचयाचें असतें तें घराच्या तुळयांमुळें व दारांच्या चौकटींमुळें. समुद्राशीं त्याचा संबंध क्वचितच येतो. परंतु अफाट समुद्रांत लहान नौकेस खरें भय कशाचें, या प्रश्नाचा इतिहास पाहूं जातां प्रथम सागवानाच्याच एका नौकेचें नांव घ्यावें लागतें.

मुंबईंत सागवानानें बांधलेली ‘सुहैली’ ही शिडाची नौका अवघी ३२ फूट लांब. १४ जून १९६८ रोजीं रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन हे तींतून एकटे इंग्लंडहून निघाले आणि कोठेंही न थांबतां पृथ्वीप्रदक्षिणा करून २२ एप्रिल १९६९ रोजीं परतले. त्या शर्यतींत उतरलेल्या ९ नाविकांपैकीं ती पुरी करणारे ते एकटेच. वाटेंत बिनतारी यंत्र बंद पडलें, गोडें पाणी नासलें, सुकाणू आपोआप सांभाळणारी योजना मोडली. नौका मात्र तरली.

सामान्य समजूत अशी कीं, मोठी लाट आली म्हणजे लहान होडी बुडावयाचीच. अनुभव निराळा आहे. मजबूत बांधणीची, वरून घट्ट बंद केलेली व तळाशीं पुरेसा भार असलेली नौका उलटली तरी बहुधा पुन्हां सरळ होते. ऑगस्ट १९७९ मध्यें फास्टनेट शर्यतीवर वादळ कोसळलें व १५ स्पर्धक मरण पावले. त्या वेळीं २४ नौका खलाशांनीं सोडून दिल्या; त्यांपैकीं १९ मागाहून तरंगत सांपडल्या. रबरी तराफ्यांचा आश्रय घेणारांपैकीं कांहीं जण मात्र प्राणांस मुकले.

तथापि नौका तरली म्हणजे मनुष्य सुखरूप राहिला, असेंही नव्हे. ‘सुहैली’च्याच आराखड्यावर गोव्यांत बांधलेल्या ‘थुरिया’ नौकेंतून भारतीय नौदलाचे अभिलाष टॉमी २०१८ च्या शर्यतींत निघाले. २१ सप्टेंबर रोजीं दक्षिण हिंदी महासागरांत वादळानें नौका उलटली, डोलकाठ्या मोडल्या व त्यांच्या पाठीच्या कण्यास जबर इजा झाली. हालचाल करणें अशक्य झालें. उपग्रहामार्फत संदेश गेले आणि २४ सप्टेंबर रोजीं ‘ओसिरिस’ या फ्रेंच जहाजानें त्यांस वांचविलें. तोंवर त्यांस आसरा होता तो तरंगत राहिलेल्या ‘थुरिया’चाच.

यावरून धोक्याचें माप लाटेच्या उंचीनें घेणें पुरेसें नाहीं, हें दिसतें. नाविक फेंकला जाणें, जायबंदी होणें, थकव्यानें निर्णय चुकणें आणि मदत शेंकडों मैल दूर असणें, हीं भयें अधिक खरीं होत. तीं ओळखूनच टॉमी पुन्हां निघाले आणि २०२३ मध्यें त्याच शर्यतींत दुसरे आले.