शब्दांनी वसविलेली नगरे

'आटपाट नगर होते' एवढे शब्द कानी पडताच आपल्याकडील मुलांच्या मनश्चक्षूंपुढे वेशी, वाडे आणि राजमार्ग उभे राहत. चित्राची उणीव कोणालाच भासत नसे. संगणकाच्या इतिहासातही असा एक काळ होऊन गेला, की जेव्हा नगरे केवळ शब्दांनी वसविली जात आणि परस्परांचे तोंडही न पाहिलेली माणसे त्यांत एकाच वेळी वावरत. त्या नगरांची आठवण निघाली, की त्यांचे जुने रहिवासी आज हळवे होतात. या हळवेपणाचे मर्म काय असावे?

१९७८ साली इंग्लंडातील एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ या विद्यार्थ्याने एक खेळ रचावयास घेतला. 'मल्टि-युझर डन्जन', म्हणजे अनेकांनी मिळून हिंडावयाचे भुयार, असे त्याचे नाव. आद्याक्षरांवरून तो 'मड' म्हणून ओळखला जाऊ लागला. 'अॅडव्हेंचर' आणि 'झॉर्क' हे शब्दांचे खेळ अमेरिकेत त्यापूर्वीच निघाले होते. परंतु त्यांत खेळणारा एकटाच असे. ट्रबशॉ यांच्या भुयारात मात्र दुसरा जिवंत मनुष्य भेटे. १९८० मध्ये हे काम त्यांचे सहाध्यायी रिचर्ड बार्टल यांनी हाती घेतले व तडीस नेले.

खेळाची रीत साधी होती. आपण एखाद्या पुलावर उभे आहोत, उत्तरेस अरण्य आहे, जवळ कोणी एक प्रवासी थांबला आहे, अशा धर्तीचे वर्णन पडद्यावर उमटे. 'उत्तरेस जा', 'दिवा घे', 'नमस्कार सांग' अशा तुटक आज्ञा कळफलकावर टंकित करावयाच्या. सापडलेली संपत्ती दलदलीत टाकली म्हणजे गुण मिळत आणि पुरेसे गुण साठले म्हणजे सामान्य खेळाडू मांत्रिकाच्या पदास पोहोचे. तेथे जन्म, रूप वा पैसा यांना किंमत नव्हती. चातुर्य आणि चिकाटी यांना होती. विद्यापीठाचा संगणक रात्री मोकळा असे, तेव्हा बाहेरची माणसेही टेलिफोनच्या तारेवरून या भुयारात उतरत.

पाहता पाहता अशी नगरे ठिकठिकाणी उभी राहिली. १९८७ मध्ये वेल्समधील अॅबरिस्टविथ येथे अॅलन कॉक्स यांनी 'अॅबरमड' रचले. १९८९ मध्ये अमेरिकेत 'टायनीमड' आणि स्वीडनमध्ये 'एलपीमड' निर्माण झाले. १९९१ मध्ये कोपनहेगन विद्यापीठातील पाच विद्यार्थ्यांचे 'डिकूमड' बाहेर पडले. यांपैकी बहुतेकांच्या कर्त्यांनी आपली रचना मुक्तहस्ते इतरांच्या स्वाधीन केली. आपल्याकडे सर्वसामान्यांस इंटरनेट खुले झाले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी, आणि त्या वेळी विद्यार्थ्यांना मिळणारे स्वस्त खातेही निव्वळ अक्षरांचेच होते. पडद्यावरील कोऱ्या अक्षरांची ती ओढ आपल्याही एका पिढीने अनुभवली आहे.

परंतु माणसे जमली, की माणसांचे दोषही येतात. पॅव्हेल कर्टिस यांनी चालविलेल्या 'लॅम्डामू' नामक नगरात १९९३ च्या सुमारास एका खेळाडूने इतरांच्या पात्रांची केवळ शब्दांनी घोर विटंबना केली. कोणाच्या देहास बोटही लागले नव्हते. तरीही ज्यांची विटंबना झाली त्यांच्यापैकी एकीच्या डोळ्यांत खरे अश्रू आले. त्या प्रकारानंतर तेथे अर्ज आणि मतदान यांची पद्धत सुरू झाली. शब्द घाव घालतो, हे आपले संत सांगत आलेच होते. यंत्रयुगाला ते नव्याने शिकावे लागले.

पुढे चित्रांचे युग अवतरले. १९९७ चे 'अल्टिमा ऑनलाइन', १९९९ चे 'एव्हरक्वेस्ट' आणि २००४ चे 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' यांनी लक्षावधी खेळाडू आपल्याकडे ओढून घेतले. एव्हरक्वेस्टची खेळपद्धती तर डिकूमडशी इतकी मिळतीजुळती होती, की मूळ संहिता आपण वापरलेली नाही असे त्याच्या कर्त्यांना प्रतिज्ञेवर सांगावे लागले. वारसा घराण्यातच राहिला. जुना वाडा मात्र ओस पडला.

तो अगदीच निर्जन झालेला नाही. अंध खेळाडूंना यंत्र ही वर्णने वाचून दाखविते आणि शब्दनगरांत ते डोळसांच्या बरोबरीने आजही हिंडतात. चित्रांच्या खेळांत हे समान स्थान त्यांना क्वचितच लाभते. म्हणून ही नगरे जुनाट झाली असे म्हणून मोडीत काढणे म्हणजे काही माणसांचे घरच मोडणे होय.

अशा खेळाची संहिता जपून ठेवता येते, तो पुन्हा चालविताही येतो. परंतु पुलावर थांबलेला तो प्रवासी परत आणता येत नाही. जुने रहिवासी हळवे होतात ते त्याच्यासाठी. ज्या नगरांत अजून दिवा जळतो आहे, तो तेवत ठेवणे एवढे तरी आपल्या हाती आहे.