फियाट ऐकणारे कान

इटलीतल्या तुरिन शहरात १९३७ साली फियाट कंपनीने ‘५०८ सी’ ही मोटार बाजारात आणली. दान्ते जाकोसा या इंजिनिअरच्या देखरेखीखाली तयार झालेल्या या गाडीचे इंजिन १०८९ सीसीचे होते. सिलिंडरचा व्यास ६८ मिलिमीटर, पिस्टनची धाव ७५ मिलिमीटर. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने २०००च्या सुमारास पद्मिनी बनवणे थांबवले, तेव्हाही तिच्या पेट्रोल इंजिनाची क्षमता १०८९ सीसीच होती. मधल्या सहा दशकांत हेड सुधारले, अश्वशक्ती वाढून चाळिशीपर्यंत गेली, शेवटी शेवटी डिझेल पद्मिनीही निघाली. पण मुंबईच्या रस्त्यांवर जी ‘फियाट’ धावत होती तिच्या पोटातले यंत्र मुळात तेच राहिले. मुंबईच्या जुन्या मिस्त्रींबद्दल एक गोष्ट नेहमी कौतुकाने सांगितली जाते: गाडी गॅरेजच्या तोंडाशी आली की आवाजावरून ते दुखणे ओळखायचे, बॉनेट उघडायचीही गरज पडायची नाही. गोष्टीत अतिशयोक्ती आहे, पण ती साफ खोटी नाही. चूक आहे ती तिच्या स्पष्टीकरणात. आपण या कानाला दैवी देणगी म्हणतो, नाहीतर गरिबीतून आलेली हुशारी म्हणतो. माझ्या मते तो कान घडवला तो एकाच इंजिनाच्या दीर्घ राज्याने, आणि ते राज्य टिकवले परवाना पद्धतीने.

हे राज्य आले कसे, ते थोडक्यात पाहू. जनरल मोटर्सने १९२८ साली शिवडीला गाड्या जोडायला सुरुवात केली होती. पाठोपाठ फोर्डही आली. दोन महायुद्धांच्या मधल्या मुंबईत अमेरिकी, इंग्रजी, इटालियन अशा नाना जातींच्या गाड्या होत्या. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियरची स्थापना केली, तेव्हा सुरुवात झाली तीही अमेरिकी गाड्यांपासूनच. टॅरिफ कमिशनने १९५३ साली सरळ सांगितले की ज्यांना इथे सुटे भाग बनवायचे नसतील आणि नुसती जोडणी करायची असेल, त्यांनी गाशा गुंडाळावा. जनरल मोटर्स आणि फोर्डने तो गुंडाळलाही. प्रवासी गाड्यांच्या बाजारात मुख्यतः तीन घरे उरली: कलकत्त्याजवळ उत्तरपाड्याची हिंदुस्थान मोटर्स, मद्रासची स्टँडर्ड आणि कुर्ल्याची प्रीमियर. प्रीमियरने फियाट ११०० घेतली, १९६४ साली तिची ‘डिलाइट’ आली, १९७३ साली तीच ‘प्रेसिडेंट’ झाली आणि पुढच्या वर्षी ‘पद्मिनी’. नावे बदलत गेली, मिस्त्रीचे पाने मात्र बदलले नाहीत. १९८०च्या आसपास सगळ्या देशात मिळून वर्षाला तीस हजारांच्या घरात मोटारी बनत. नंबर लावून वर्षानुवर्षे थांबायचे, मग मिळालेली गाडी मोडीत कोण काढणार? ती दुरुस्त होत राहायची. आणि मुंबईत हीच गाडी काळी-पिवळी झाल्यामुळे एकाच जातीची हजारो इंजिने, एकाच शहरात, दोन-दोन पाळ्यांत, एकाच प्रकारच्या गर्दीत चालत होती. एकाच यंत्राचा इतका मोठा आणि इतका सारखा नमुना फार थोड्या शहरांच्या वाट्याला आला असेल.

या नमुन्यातून कान काय शिकत होता, हे जरा जवळून पाहायला हवे. समजा इंजिन मिनिटाला ७२० फेऱ्यांवर नुसते उभे चालू आहे. क्रँक सेकंदाला बारा वेळा फिरतो, पण कॅमशाफ्ट त्याच्या निम्म्या गतीने, म्हणजे सहा वेळा. त्यामुळे एका ढिल्या टॅपेटची टिकटिक क्रँकच्या निम्म्या लयीत येते, आणि नुसत्या लयीवरून वरचे दुखणे की खालचे, हा पहिला निवाडा होतो. टॅपेटचा आवाज हलका, सुट्टा, वरून येणारा. कनेक्टिंग रॉडचे बिग एंड बेअरिंग खाल्ले असेल तर ठोका जड होतो. मग मिस्त्री एकेका प्लगची वायर काढून पाहतो. ज्या सिलिंडरचा प्लग तोडल्यावर ठोका मऊ पडला, त्याचे बेअरिंग गेले असे समजायचे. टॅपेटला प्लग तोडल्याने फारसा फरक पडत नाही. सकाळी थंड इंजिनात जोरात येणारी आणि गरम झाल्यावर विरणारी खडखड बहुधा पिस्टनची, कारण तापल्यावर तो फुगतो आणि सिलिंडरशी नीट बसतो. क्रँकच्या मेन बेअरिंगची धमक त्याहून खोल. ती ओझे घेतल्यावर उठते. एक्झॉस्ट मॅनिफोल्डचे गॅस्केट फुटले तर मात्र तो हुबेहूब टॅपेटसारखा टकटकतो आणि शिकाऊ पोराला दिवसभर रॉकरचे चेकनट कसायला लावतो. फॅनचा पट्टा काढून इंजिन क्षणभर चालवले की वॉटर पंप आणि डायनॅमो यांच्यावरचा संशय फिटतो किंवा पक्का होतो. आणि चढावर येणारी ती धातूची किणकिण, जिला गॅरेजमध्ये ‘नॉकिंग’ म्हणतात, ती कोणताही भाग झिजल्याची नसून पेट्रोल वेळेआधी किंवा वेडेवाकडे पेटल्याची असते. डिस्ट्रिब्युटर किंचित फिरवून टायमिंग मागे घेतले की बहुतेकदा ती थांबते. ही परीक्षा गॅरेजमध्ये उभ्या गाडीवर होत नाही. तिच्यासाठी मुंबईत पेडर रोडचा चढ होता आणि मुंबईबाहेर खंडाळ्याचा किंवा कसाऱ्याचा घाट.

म्हणूनच पहिला कान मिस्त्रीचा नसून टॅक्सीवाल्याचा होता, हे विसरून चालणार नाही. दिवसाचे दहा-बारा तास त्याच इंजिनाजवळ बसणारा माणूस नुसता ‘आवाज येतो’ म्हणत नाही. चढावर येतो, उतारावर नाही. तिसऱ्यात येतो, टॉपला नाही. सकाळी येतो, दुपारी जातो, असे तो सांगतो. अर्धे निदान या वाक्यांतच होते. ज्या घरी गाडी फक्त रविवारी निघायची, तिथल्या मालकाकडून मिस्त्रीला एवढी माहिती मिळणे शक्य नव्हते. कानाची कीर्ती एकट्या मिस्त्रीला मिळाली हा थोडा अन्यायच आहे.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो वजनदार आहे. इंजिने एकाच जातीची होती म्हणता, पण रस्त्यावरची कोणतीही दोन इंजिने सारखी होती कुठे? कुठल्याचे बोअर एकदा वाढवलेले, कुठल्याचे दोनदा, कुठल्यात स्लीव्ह घालून पुन्हा मूळ मापावर आणलेले. पिस्टन एखाद्यात ओरिजनल, एखाद्यात डुप्लिकेट. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून उचललेले भंगारातले क्रँक तिसऱ्याच गाडीत बसलेले. हे सगळे खरे आहे. पण त्यातून माझ्या म्हणण्याला बळकटीच मिळते. मूळ रचना स्थिर असली तरच विचलनाला अर्थ येतो. आराखडा तोच ठेवून भाग वेगवेगळ्या मापांनी झिजत गेले, त्यामुळे मिस्त्रीला एका इंजिनाचा निरोगी आवाज आणि त्याच्या आजारांची सगळी श्रेणी ऐकायला मिळाली: पहिल्या बोअरनंतरची खडखड किती, दुसऱ्यानंतरची किती, आणि कुठल्या पातळीचा आवाज ‘चालू दे’ म्हणून सोडून द्यायचा. हा शेवटचा निवाडा सगळ्यांत अवघड. जुन्या गाडीचा आवाज पूर्ण जात नाही. प्रश्न असतो तो त्यातला धोक्याचा कोणता एवढाच. आवाज करणारा टॅपेट निरुपद्रवी असतो आणि एकदम गप्प झालेला टॅपेट घातकी असू शकतो, हे नवख्याला पटत नाही. व्हॉल्व्ह सीटमध्ये खोल बसत गेला की फट मिटते, टिकटिक थांबते, व्हॉल्व्ह पुरता बंद होत नाही आणि जळतो. शिशाविना पेट्रोल महानगरांत १९९५ साली आले, पुढे न्यायालयाच्या आदेशांमुळे जुन्या टॅक्सींना सीएनजी घ्यावा लागला. सीटचे शिशाने होणारे संरक्षण गेले आणि वर कोरडा वायू आला. त्या दिवसांत फियाटच्या मिस्त्रीला शांततेवर संशय घ्यायला शिकावे लागले.

दुसरा आक्षेप सुशिक्षितांचा असतो. उपकरणे नव्हती म्हणून कान लावला. हा नाइलाज, त्याचे एवढे कवतिक कशाला? पण यंत्र कानाने तपासण्याला नाइलाज म्हणणे इतिहासाला धरून नाही. पॅरिसमध्ये लाएनेक या डॉक्टरने १८१६ साली छाती ऐकण्याची नळी तयार केली आणि तेच तत्त्व पुढे यंत्रांना लागले. युरोप-अमेरिकेतल्या गॅरेजांत मेकॅनिकचा स्टेथोस्कोप रीतसर विकत मिळे. ऑपेरा हाउसकडच्या गॅरेजमधला मिस्त्री लांब स्क्रूड्रायव्हरचे टोक ब्लॉकवर आणि मूठ कानाच्या हाडाला टेकवत असे, तेव्हा तो भौतिकशास्त्राच्या दृष्टीने तेच करत होता. फरक उपकरणात नव्हताच. फरक होता तो तुलनेसाठी डोक्यात साठवलेल्या आवाजांत. मेक्सिकोत फोक्सवॅगनची बीटल २००३ सालापर्यंत बनत होती आणि तिथल्याही टॅक्सी बीटलच्याच होत्या. कलकत्त्यात अँबॅसडर होती. मिस्त्रीची भाषा, जात, शिक्षण या शहरांत पूर्णपणे वेगळे; सारखी गोष्ट एकच, गाडी न बदलणे. सरकारने १९५० पासून आयटीआयचे प्रशिक्षण सुरू केले, त्यात मोटार मेकॅनिकचा अभ्यासक्रमही आला. पण वर्गात आवाजाचे वर्णन करता येते, आवाज साठवून देता येत नाही. तो साठा गॅरेजमध्येच व्हायचा.

तिसरा आक्षेप गाडीमालकांचा, आणि त्याला पूर्ण उत्तर माझ्याकडे नाही. कान मिस्त्रीचा, पैसे मालकाचे, आणि ‘इंजिन खोलावे लागेल’ हे वाक्य म्हणणाऱ्याच्या फायद्याचे. ऐकलेले कोणाला दाखवता येत नाही; म्हणजे ज्ञानाबरोबर लबाडीलाही तिथे जागा होती. ज्याचे काम टॅपेट लावून भागले असते, त्याचे हाफ इंजिन उतरल्याच्या तक्रारी जितक्या जुन्या, तितकी ती गॅरेजे जुनी. तरीही एक अंकुश होता. इंजिन उघडताना मालक स्टूल टाकून शेजारी बसे आणि काढलेली बेअरिंगे हातात घेऊन पाही. शेलची पांढरी कल्हई उडून खालचा तांब्याचा रंग दिसला की निदान खरे, नाही तर वाद. टॅक्सी व्यवसायात हा अंकुश जास्त कडक होता, कारण गाडी उभी म्हणजे दोन पाळ्यांचा धंदा बुडाला, आणि चुकलेल्या मिस्त्रीची बातमी स्टँडवर पसरायला वेळ लागत नसे. घरगुती गाडीच्या मालकाला हे संरक्षण नव्हते. त्याने जास्त पैसे मोजले असतील, हे मान्यच करावे लागते.

आता राहिला सर्वांत लोकप्रिय समज: संगणकाने हा कान मारला. तारखा तपासल्या तर तो टिकत नाही. गाडीतच दोष नोंदवणारी ओबीडी यंत्रणा भारतात सक्तीची झाली ती २०१० पासून, आणि तिचा पुढचा टप्पा २०१३ साली आला. त्याच्या कितीतरी आधी, नव्वदच्या दशकात, बाजार खुला झाल्यावर दर वर्षी नवी गाडी, नवे इंजिन, नवे आवाज येऊ लागले आणि एका गॅरेजमध्ये आठवड्याला पंधरा जातींची इंजिने येऊ लागली. तुलनेचा साठा तिथेच फुटला. याचा उलट पुरावा मारुतीने दिला आहे. १९८३ साली आलेली मारुती ८०० तीन सिलिंडरची, कॅमशाफ्ट हेडमध्ये असलेली. फियाटच्या उस्तादांना ती सुरुवातीला परकी वाटावी अशीच. पण ७९६ सीसीचे इंजिन घेऊन ती गाडी २०१४ पर्यंत बनत राहिली, आणि गावोगावच्या गॅरेजांत मारुती ऐकणारी नवी पिढी उभी राहिली. हा कान परवाना राजचाच मक्ता नव्हता, हेही त्यातून दिसते. एकाच इंजिनाला तीस वर्षे दिली की तो पुन्हा उगवतो. आजच्या अनेक इंजिनांत हायड्रॉलिक टॅपेट स्वतःची फट स्वतः राखतात, आणि ब्लॉकवर बसवलेला नॉक सेन्सर ठोका ऐकून टायमिंग आपोआप मागे घेतो. म्हणजे ऐकणे संपलेले नाही, ते ब्लॉकमध्ये जाऊन बसले आहे. मात्र तो सेन्सर मुख्यतः नॉकिंगच ऐकतो. रॉडचे बेअरिंग वाजत असेल तर संगणकाला बऱ्याचदा तेलाचा दाब पडेपर्यंत पत्ता नसतो, आणि स्कॅनर लावून ‘कोड काही नाही’ असे सांगणाऱ्या गॅरेजमध्ये तो ठोका तसाच चालू राहतो.

मुंबईत टॅक्सी म्हणून शेवटची पद्मिनी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली, आणि वीस वर्षांच्या मर्यादेनुसार ऑक्टोबर २०२३ मध्ये तिची मुदत संपली. त्यानंतर एखादी काळी-पिवळी जपून ठेवावी अशी मागणी झाली. ती रास्त आहे, पण रंगवून चबुतऱ्यावर ठेवलेली गाडी या व्यवसायाबद्दल काहीच सांगणार नाही. या इंजिनांवर आयुष्य घालवलेले मिस्त्री अजून आहेत, आणि हौशी मालकांकडे चालत्या फियाटही आहेत. कुणा संग्रहालयाने, अभियांत्रिकी महाविद्यालयाने किंवा गाड्यांच्या क्लबने एवढेच करावे: दुखणाऱ्या इंजिनाचा आवाज थंड, गरम आणि चढावर असा मुद्रित करावा, उघडण्याआधी मिस्त्रीचा निवाडा लिहून घ्यावा, आणि उघडल्यावर काय निघाले ते त्याच्यापुढे नोंदवावे. निवाडे चुकले तर तेही नोंदवावेत.