पाणमांजर आणि शेकरू

सह्याद्रीच्या मुलखातील दोन सस्तन प्राणी. पैकी पाणमांजर (अथवा ऊद) नावापुरतेच मांजर आहे. वस्तुतः ते मांसाहारी गणातील मुस्टेलिडी कुलाचे, म्हणजे विझल आणि बॅजर यांच्या भावकीतले असून, ज्याला लोक उदमांजर म्हणतात तो प्राणी पुष्कळदा कांडेचोर हा निराळाच जीव निघत असल्यामुळे या घोटाळ्यात भरच पडते. शेकरू कृंतक गणातील सायुरिडी कुलाचे, अर्थात अंगणातल्या खारीचे थोरले आप्त होय.

कुळाचा खरा दाखला दातांत मिळतो. शेकरूला सुळे नसतात. पटाशीचे दात वर दोन व खाली दोन, जन्मभर वाढणारे, आणि कठीण कवचाची फळे व बिया कुरतडण्यातच झिजणारे. पाणमांजराचे सुळे तीक्ष्ण, तर दाढा मासळीचे काटे चिरडण्याजोग्या रुंद असतात.

तथापि तुलनेस सर्वांत मनोरंजक अवयव म्हणजे शेपूट. पाणमांजराची शेपटी बुडाशी जाड, पुढे चपटी व बळकट असून, बोटांमधील पडद्यांच्या जोडीने ती त्याला पाण्यात गती व दिशा देते. उलट शेकरूची झुपकेदार शेपटी, जी त्याच्या धडाहूनही लांब भरते, फांदीच्या एका अंगास डोके व दुसऱ्या अंगास शेपूट लोंबत ठेवून ते फळ खात असता अक्षरशः तराजूच्या पारड्याचे काम करते. या तोलाच्या बळावर दीड-दोन किलो वजनाचा हा जीव सुमारे वीस फुटांची झेप घेतो. सात ते अकरा किलोंच्या पाणमांजराला झाडाशी कर्तव्य नाही. त्याची दाट, दुपदरी लव पाणी कातडीपर्यंत पोचू देत नाही, आणि बुडी मारताच कान व नाकपुड्या मिटतात.

शेकरू बहुधा एकांडे, पाणमांजर कुटुंबवत्सल. मुंबई इलाख्यातील लष्करी अंमलदार साइक्स यांनी १८३१ मध्ये सह्याद्रीतील शेकरू निराळी जात मानून तिला मुंबईचे माजी गव्हर्नर एल्फिन्स्टन यांचे नाव दिले. ती निराळी ठरली नाही.

शेकरू आज महाराष्ट्राचा राज्यप्राणी असून त्याच्याकरिता भीमाशंकरचे अभयारण्य १९८५ मध्ये घोषित झाले. पाणमांजराला असा मान नाही. मासळीवरून मच्छीमारांशी त्याचा तंटा जुनाच आहे. बांगलादेशातील नडाइलकडचे काही मच्छीमार मात्र त्याला माणसाळवून, दोरीने बांधून, जाळ्याकडे मासे हाकण्याच्या कामी लावतात.